कूपनच्या मागचा चौकोन

डेझमंड पिकपचा फोन आला तेव्हा ग्लेनिस बटाटे सोलत होती. डेझमंड म्हणजे जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला गृहस्थ. आता तो जुनी कॉमिक्स जमवणाऱ्यांसाठी चार पानांचं वार्तापत्र काढायचा. माणूस भला, पण फोनवर 'हॅलो' म्हणण्याची शुद्ध त्याला कधी नसायची.

"सापडला गं! न कापलेला! अख्खाच्या अख्खा!"

"बरं," ग्लेनिस म्हणाली.

"बरं काय बरं? तीन वर्षं जोडे झिजवलेत मी तुझ्यासाठी. निदान एक किंकाळी तरी फोड!"

ग्लेनिसने सुरी खाली ठेवली, हात पुसले. किंकाळी सोडा, साधं हायसंही वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, मग गाल असतो जागेवरच पण आपला वाटत नाही, तसं तिचं गेली कित्येक वर्षं आतून झालं होतं. "कुणाकडे?" तिने विचारलं.

"बार्नोल्ड्सविकला. हॉर्सफॉल म्हणून आहे कुणी. शनिवारी अकराला तुला न्यायला येतो. आणि हे बघ, तोवर झोपून घे जरा. आवाज बघ कसा येतोय तुझा."

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगायलाच हवं. ग्लेनिसचे वडील क्लिफर्ड थ्रेलफॉल. 'टिडलर' साप्ताहिकात बॅग्शॉ खाटकाच्या पोऱ्याची चित्रं काढायचे. आमच्या लँकेशरात साठीच्या पुढचा कुणीही धरा आणि बॅग्शॉचं नाव काढा, हसत सुटतो. पण त्याच क्लिफर्डने 'पॅचवर्क' नावाच्या अगदी चिमुरड्यांच्या साप्ताहिकातही वर्षभर एक मालिका काढली होती, हे कुणाच्या गावी नव्हतं. मिट आणि मॉट, दोन बहिणी, आठ चौकोन, पान चौदा. 'पॅचवर्क' चौदा महिन्यांत बंद पडलं. चित्रकारांना तेव्हा सही करायची बंदी. कुणी गुपचूप केलीच, तर कचेरीतली माणसं पांढरा रंग फासून ती पुसून टाकत. त्यामुळे डेझमंडसारख्यांना हात ओळखावा लागतो. "तुझ्या डॅडच्या चित्रात बुटाची एक तरी नाडी सुटलेली असणारच," तो सांगायचा. "काय वाट्टेल ते होवो, नाडी सुटलेलीच." त्या सुटलेल्या नाड्यांवरूनच त्याने मिट आणि मॉट क्लिफर्डच्या नावावर लावली होती.

तीन वर्षांपूर्वी ग्लेनिसची मॅम, म्हणजे आई, गेली, एक्याण्णव वर्षांची होऊन. घर रिकामं करताना कपाटात, स्वेटरांच्या खाली, 'पॅचवर्क'चा एकच अंक निघाला. ऑक्टोबर १९६२. मिट आणि मॉट त्यात शेवटची आली होती. पुढच्या अंकापासून त्या जागी एक बदक आलं. आणि त्या अंकात आठव्या चौकोनाच्या जागी भोक होतं.

भोक ग्लेनिसनेच पाडलेलं होतं. पानाच्या पुढच्या बाजूला कूपन होतं, ते कापून पाठवलं की कोंबडीच्या आकाराचा पत्र्याचा बिल्ला मिळायचा. चार वर्षांच्या पोरीला मागच्या बाजूला काय छापलंय याची काय फिकीर? डॅड घरी आला तेव्हा कापून झालंसुद्धा होतं. त्याने भोकाकडे पाहिलं, कूपनाकडे पाहिलं. मग स्वतः पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आला. बोलला काहीच नाही. तो तसा कधीच बोलायचा नाही.

एकट्या ग्लेनिसनेच कापलं असतं तर भागलं असतं. पण बिल्ला सगळ्यांनाच हवा होता! डेझमंडने तीन वर्षांत त्या अंकाच्या पाच प्रती मिळवल्या आणि पाचही प्रतींना तिथंच, तेवढंच भोक. ग्रंथालयांना पत्रं लिहून झाली. कुठं 'पॅचवर्क'चं नावच कुणी ऐकलेलं नव्हतं, कुठं गठ्ठा होता पण सप्टेंबरला संपत होता. डेझमंड चिडून म्हणायचा, "साऱ्या इंग्लंडातल्या पोरांनी मिळून एक चौकोन खाल्ला!" त्याला वाटायचं ग्लेनिसला वडिलांचं काम पुरं जमवायचंय. ग्लेनिसनेही त्याला तसंच वाटू दिलं होतं.

खरं कारण तिने नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, आणि आता तो बिचाराही राहिला नव्हता. तिला एक मोठी बहीण होती, नोरीन, सात वर्षांची. १९६२च्या जूनमध्ये दोघी गिरणीच्या तळ्यामागे लपाछपी खेळत होत्या. राज्य ग्लेनिसवर होतं. वीसपर्यंत तिला येत नव्हतं म्हणून तिने दोनदा दहा मोजले आणि शोधायला लागली. इकडे शोधलं, तिकडे शोधलं. नोरीन काही सापडेना. मग तिला भूक लागली आणि ती सरळ घरी गेली. मॅमने ब्रेडला जॅम लावून दिला, तिने तो खाल्ला. "नोरीन कुठाय गं?" मॅमने विचारलं. "माहीत नाही," ग्लेनिस म्हणाली. खोटं नव्हतं ते. खेळाचं मात्र तिने सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही कधी नाही. नोरीनला रात्री बाहेर काढलं, तळ्यातून.

घरात पुन्हा नोरीनचं नाव कुणी घेतलं नाही. पोरीला काय कळतंय, असं म्हणून मोठ्यांनी दार लावून घेतलं, आणि आतल्या आत पोरगी म्हातारी झाली.

मग तीन वर्षांपूर्वी ते पान समोर आलं. पहिल्या चौकोनात मॉट, धाकटी, भिंतीकडे तोंड करून मोजतेय. मिट पळतेय. पुढच्या पाच चौकोनांत मॉट शोधतेय. पिंपात बघते, वाळत घातलेल्या चादरीमागे बघते, कोंबड्यांच्या खुराड्यात डोकं घालते. मिट काही सापडत नाही. सातव्यात मॉट पायरीवर बसलीय आणि तिचा हात पोटावर आहे. त्यानंतर भोक.

"पानं आठ आठवडे आधी पाठवावी लागत," डेझमंडने सहज सांगितलं होतं, "म्हणजे ऑक्टोबरचं पान ऑगस्टमध्ये काढलं असणार." ग्लेनिस त्या दिवशी 'अस्सं होय' म्हणाली आणि घरी येऊन कोट न काढता जिन्यावर बसून राहिली. ऑगस्ट. म्हणजे नोरीन गेल्यावर. म्हणजे डॅडला सगळं ठाऊक होतं, कसं कोण जाणे. खेळ ठाऊक होता, भूकही. आणि ठाऊक असून त्याने आठव्या चौकोनात मॉटचं काय केलं, एवढाच प्रश्न होता. तिला काय शिक्षा केली? बाकी बॅग्शॉ नि 'टिडलर' गेले खड्ड्यात.

शनिवारी डेझमंड अकराच्या ठोक्याला हजर. गाडीत त्याचं तोंड एक क्षण बंद नव्हतं. "ह्या हॉर्सफॉलने फोनवर मला विचारलं, 'कॉमिक पाहायला एवढ्या लांब येणार? डोक्यावर पडलायस का?' मी म्हटलं, 'पडलो तो चौसष्ट साली, उठलोच नाही अजून.'" ग्लेनिस हसली नाही. "तू हसत नाहीस म्हणजे काळजीचीच बाब आहे. गोळ्या-बिळ्या चालू आहेत का?"

"नाहीत. तू रस्ता बघ."

"अगं, तुझ्या बापाचं पान सापडलंय! मी असतो तर नाचलो असतो."

"तू नाच, मी बघते," ती म्हणाली. खिडकीबाहेर मेंढ्या होत्या. तिला मेंढ्या दिसत होत्या आणि त्यापलीकडे काही वाटत नव्हतं.

एर्नेस्ट हॉर्सफॉल सत्तरीचा, गोल गरगरीत, पायात लोकरी सपाता. त्याने दोघांना थेट स्वयंपाकघरातच नेलं आणि किटली ठेवली. "टोपी काढ रे बाबा, कर वसूल करायला आल्यासारखा उभा राहू नकोस," हे डेझमंडला. टेबलावर तो अंक एका स्वच्छ टॉवेलवर ठेवलेला होता.

"पण तुम्ही कापलं कसं नाहीत?" डेझमंडने विचारलं. "सगळ्या देशाने कापलं!"

"आम्ही पाच भावंडं आणि बिल्ला एक," हॉर्सफॉल म्हणाला. "बिल्ला कुणाचा यावरून जुंपली. आमच्या ग्रेसने डेनिसच्या दंडाचा लचका तोडला. मॅमने अंक हिसकावला आणि म्हणाली, आता मरा, कुणालाच नाही! तो माळ्यावर टाकला तो टाकलाच. आम्हाला वाचायलासुद्धा दिला नाही हो."

डेझमंडला इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. मग त्याच्या लक्षात आलं की भिंग गाडीतच राहिलं. "मी येईपर्यंत हात लावू नका! म्हणजे, ग्लेनिस, तू लाव. तू आधी बघ. तुझा हक्क आहे." आणि तो धावला, जितपत धावता येत होतं तितपत.

ग्लेनिस बसली. तिने पान उलटलं. तेरा. चौदा. मोजणारी मॉट, पिंप, चादर, खुराडं, सगळं पाठ होतं तिला. सातव्या चौकोनात पोटावर हात ठेवून बसलेली मॉट. आणि त्याच्या शेजारी भोक नव्हतं.

आठव्या चौकोनात मॉट टेबलाशी बसून ब्रेड-जॅम खात होती. जॅम पार कानापर्यंत गेला होता. आणि तिच्या मागे मिट उभी होती, केस विस्कटलेले, बुटाची नाडी सुटलेली, तोंडभर हसत. तिने मॉटच्या पाठीत धप्पा घातला होता आणि ती म्हणत होती: "सावकाश खा गं! आता राज्य माझ्यावर!"

एवढंच. ग्लेनिसने ते पुन्हा वाचलं. हॉर्सफॉल पाठमोरा उभा राहून कपात दूध ओतत होता. तिला वाटलं होतं की काहीतरी होईल. काही झालं नाही. तिने तिसऱ्यांदा वाचलं.

आणि मग तिला राग आला. असा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. अरे डॅड, मी समोरच होते ना! त्याच घरात, त्याच टेबलाशी, तू जाईपर्यंत एकोणतीस वर्षं! रोज मीठ पुढं सरकवायचे मी तुझ्यापुढं. देशभरच्या पोरांना सांगितलंस, आणि घरात जी एक होती तिला सांगायला तोंड नाही उघडलं तुझं? कापलं होतं मी, हो, कापलं! मूर्ख होते, चार वर्षांची होते! पाकिटात घालायच्या आधी एकदा ते उलटून माझ्यापुढं धरायचं होतंस. एकदा वाचून दाखवायचं होतंस. पत्ता कसला लिहीत बसलास?

"साखर किती, राणी?" हॉर्सफॉलने विचारलं.

"मला भूक लागली होती," ग्लेनिस म्हणाली.

तो वळला. "काय म्हणालीस?"

"चार वर्षांची होते. बहिणीबरोबर लपाछपी खेळत होते. राज्य माझ्यावर होतं. मला भूक लागली आणि मी तिला तशीच लपलेली टाकून घरी गेले." तिचा आवाज सपाट होता, दुकानात यादी वाचून दाखवावी तसा. बासष्ट वर्षांत हे शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होते, आणि तेही कुणापुढं, तर लोकरी सपाता घातलेल्या एका परक्या माणसापुढं.

हॉर्सफॉलला बिचाऱ्याला काय माहीत? त्याने कप तिच्यापुढं ठेवला, बिस्किटांची बशी सरकवली आणि हसला.

"मग? चार वर्षांच्या पोरीला भूक लागणारच की."