टाचणी मावत नाही म्हणून

मी नकाशा बोलतोय. जगाचा नकाशा. आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. भिंतीवर टांगलेल्या वस्तूला कसला आलाय राग, असं तुम्हाला वाटत असेल, तर एकदा वर्षभर दुसऱ्याच्या भिंतीवर टांगून घेऊन बघा.

माझा जन्म छापखान्यात झाला. मागे जाड कापड, वर आणि खाली लाकडी दांडी, तळाशी सगळ्या देशांच्या झेंड्यांची रांग. छापणारा माणूस भिंग घेऊन बसायचा. एक रेघ केसभर सरकली म्हणून त्याने माझ्या आधीचा अख्खा गठ्ठा रद्दीत घातला होता. मला वाटलं, जगात असंच असतं, केसभर चूकसुद्धा कोणी चालवून घेत नाही. किती बावळट होतो मी!

मग वीस वर्षं शाळेत काढली. हजारो पोरांनी माझ्यावर खडूची बोटं उमटवली, पण ती बोटं शोधणारी होती. कुठली नदी कुठे मिळते यावरून दोघं एकमेकांच्या उरावर बसायची. पुढे वर्गात पडदा आला, चित्रं हलायला लागली आणि माझी गुंडाळी करून झाडूंच्या मागे उभी केली. तिथून मला उचललं शाळेची बस चालवणाऱ्या माणसाने. पोरं त्याला बसकाका म्हणत. कमी बोलणारा माणूस. इतकी वर्षं आरशात बघून त्याला सवयच लागली होती. मागे कोण रडतंय ते त्याला मान न वळवता कळायचं.

त्याने मला घरी नेऊन बाहेरच्या खोलीत टांगलं. माझ्या बरोबर खाली त्याच्या बायकोचं शिवणयंत्र. ती घरीच कपडे शिवायची आणि गिऱ्हाइकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला मावशी म्हणायचे. एकुलता एक मुलगा नोकरीसाठी लांब गेला होता. त्याची खोली रिकामी, पलंगावर इस्त्रीचे कपडे. त्या घरात दिवसभर यंत्राचा आवाज तेवढा असायचा.

अशात शाळेची योजना आली. परदेशातली मुलं वर्षभर इथल्या शाळेत शिकणार, कुणाच्या तरी घरात घरच्यासारखी राहणार. मावशीने ताबडतोब नाव दिलं. चांगल्या मनानेच दिलं, मी नाही म्हणत नाही. वाईट माणसांवर रागावणं सोपं असतं हो. माझी पंचाईत वेगळी होती.

पहिला मुलगा आला त्या दिवशी मावशीने टाचण्यांच्या उशीतून लाल डोक्याची टाचणी काढली आणि त्याच्या देशात खुपसली. माझ्या अंगाला पडलेलं पहिलं भोक. शिंपिणीचं घर म्हटल्यावर टोचणारच, म्हणून मी सोसलं. पाच वर्षांत पाच मुलं झाली, पाच टाचण्या झाल्या. कोणी आलं की मावशी माझ्याकडे हात करून म्हणायची, "एवढे देश माझ्या हातचं जेवून गेलेत!"

जेवून गेले, बरोबर. पण बाई, पुढे काय? पहिल्याबद्दल तिला आठवायचं की तो अंघोळीला फार पाणी घ्यायचा. दुसरीचे केस मोरीत अडकायचे. तिसरा कुत्र्याला भ्यायचा. संपली माहिती. ती मुलं घरी कुणाला सोडून आली, कशाने हसायची, कुठल्या आठवणीने जेवता जेवता थांबायची, काही पत्ता नाही. "आवडलं ना?" हा तिचा एकमेव प्रश्न, आणि त्याचं उत्तरही ती सोबतच वाढायची.

मग आली सहावी.

सोळा वर्षांची, बारीक अंगाची, सोबत एक जुनी पिशवी. पिशवीचा बंद तुटला होता आणि तो कुणीतरी निळ्या दोऱ्याने वाकडातिकडा शिवला होता. मावशीची नजर आधी तिथेच गेली. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेतून आली तर निळा दोरा उसवलेला आणि बंद यंत्रावर पक्का शिवलेला. "कच्चे टाके होते ग," मावशी खुशीत म्हणाली, "आता दहा वर्षं हलणार नाही." मुलगी थँक्यू म्हणाली. ते टाके तिच्या आजीने घातले होते, निघायच्या दिवशी, डोळ्यांना नीट दिसत नसताना. हे मला पुढे कळलं. मावशीला कळलं नाही, कारण तिने विचारलंच नाही.

त्याच संध्याकाळी टाचणीचा कार्यक्रम झाला. मुलीने माझ्यावर बरोबर बोट ठेवलं. तिचा देश एवढासा, तांदळाच्या दाण्याएवढा. नाव आत मावत नाही म्हणून छापणाऱ्याने ते समुद्रात लिहून बारीक रेघ ओढलेली. पण रेघ ओढली होती हो त्याने, सोडून नव्हतं दिलं! मावशीने टाचणी तिथे धरून पाहिली. टाचणीचं डोकं देशापेक्षा मोठं.

"अगबाई, हे तर मावतच नाही. सगळा झाकून जाईल तुझा देश." असं म्हणत तिने हात सरकवला आणि शेजारच्या भल्यामोठ्या देशाच्या पोटात टाचणी घुसवली. "हां, इथे कशी छान दिसते. जवळच आहे की."

"मावशी, तो आमचा देश नाही," मुलगी येण्याआधी शिकून घेतलेल्या मराठीत म्हणाली.

"कळलं ग. नुसती खूण आहे ती."

मला त्या क्षणी खाली पडायचं होतं, मावशीच्या पायावर. पण खिळा बसकाकाने ठोकला होता आणि त्याचं काम पक्कं असतं.

नुसती खूण! दोन महिन्यांत त्या खुणेचा पत्ता झाला. गिऱ्हाईक विचारायचं, "ही कुठली?" मावशी यंत्रावरून मान वर करायची, टाचणी बघायची आणि शेजारच्या देशाचं नाव ठोकून द्यायची. मुलीने एकदा दुरुस्त केलं, दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. "तेच ते," मावशी म्हणाली आणि गिऱ्हाईक हसलं. त्यानंतर मुलगी मूग गिळून बसायला लागली. योजनेच्या बाई महिन्यातून एकदा फोन करायच्या. "सगळं ठीक?" "ठीक." झालं, त्यांचं कर्तव्य संपलं. विचारायचं म्हणून विचारणाऱ्यांवर माझा राग मावशीवर आहे त्यापेक्षा जास्त आहे.

रविवारी मावशी बाजारात गेली की मुलगी माझ्याखाली बसून घरी फोन लावायची. मला सगळ्या भाषा कळतात; एवढे देश अंगावर बाळगायचे म्हणजे काय भाषेवाचून? आजी फोनवर ओरडून बोलायची, जणू आवाज स्वतःच्या बळावर पोचवायचाय.

"आपण कुठले ते सांगितलंस का त्यांना?"

"सांगितलं, आजी."

खोटं नव्हतं ते. सांगितलं होतंच. ऐकलं नव्हतं एवढंच.

त्या दोन देशांच्या मधून नदी वाहते. माझ्यावर ती निळी रेघ आहे, कुणी बघत नाही. मुलीचे आजोबा त्या नदीवर नाव चालवायचे. लढाई लागली आणि शेजारच्या देशाचे शिपाई त्यांना नावेसकट घेऊन गेले. नाव परत आली, आजोबा आले नाहीत. आजही त्या देशाचा झेंडा टीव्हीवर दिसला की आजी उठून अंगणात जाते. आणि इथे तिची नात त्याच देशाची म्हणून रोज गिऱ्हाइकांना दाखवली जात होती.

वर्ष संपत आलं तसा शाळेत मेळावा ठरला. परदेशी मुलांनी आपापल्या देशाच्या पोशाखात मंचावर उभं राहायचं, दोन शब्द बोलायचे, आणि प्रत्येकाचा फोटो त्याच्या घरी पाठवायचा. आजीने तर फोटो येणार म्हणून आळीत आधीच सांगून टाकलं होतं.

मुलगी शाळेत गेली की मावशी दार लोटून शिवायला बसायची. मोठ्या कौतुकाने. पोरीला चकित करायचं होतं. तिने टाचणीवर बोट ठेवलं, देशाचं नाव वाचलं, मग माझ्या तळाशी वाकून त्या नावाचा झेंडा शोधला आणि तसंच कापड आणलं. पिवळं, जांभळं, छातीवर मण्यांचा पक्षी. झेंड्यावरचा तो पक्षी तिने माझ्यावरून उतरवून घेतला. माझ्याच अंगावरून! एकेक मणी ओवताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, चष्मा पुसायची आणि परत ओवायची. रंग मी पुरवत होतो आणि ओरडता येत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मेळाव्याच्या सकाळी तिने झगा उलगडून धरला. "बघ तरी!"

मुलीने पाहिलं आणि ती भिंतीला टेकली. "मावशी, मी हा घालणार नाही."

"का? घट्ट होईल असं वाटतंय का? मी माप—"

"हा आमचा झेंडा नाही."

"अगं, तिथलाच आहे. मी नीट बघून केलाय, विचार त्या नकाशाला!"

आता मला मधे घेऊ नका, बाई.

"महिनाभर डोळे फोडलेत मी," मावशीचा आवाज चढला. "पाच पोरं येऊन गेली या घरात, एकही असं तोंड वर करून बोललं नाही मला. कापडच आहे शेवटी! एक दिवस घातलं तर काय बिघडतं?"

"त्या लोकांनी माझ्या आजोबांना नेलं," मुलगी म्हणाली. "माझी आजी तो फोटो बघणार आहे. मी तुम्हाला सांगितलं होतं. टाचणी लावतानाच सांगितलं, परत सांगितलं, तुमच्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. तुम्ही म्हणालात जवळच आहे. जवळ आहे म्हणूनच तर नेलं ना त्यांनी!"

तिने हात वर केला, टाचणी उपटली आणि यंत्रावर ठेवली. खरं सांगतो, इतक्या वर्षांत मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

"बघितलंत?" मावशी नवऱ्याकडे वळली. बसकाका दारात चाव्या घेऊन उभा होता. "हिला घरच्यासारखं ठेवलं, आणि ही बोलते कशी!"

बसकाकाने चाव्या मुठीत घेतल्या. "पाच पोरं येऊन गेली," तो म्हणाला. "एकाचं तरी पत्र आलं का?"

मावशीने झगा खुर्चीवर टाकला. मुलगी गणवेशातच बाहेर पडली. बस सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला.

मेळाव्याला जायला मावशी नवे कपडे घालून तयार होती. ती गेली नाही. यंत्रासमोर बसून राहिली, चाकाला हात लावला नाही. मला वाटलं, आता रडेल, दैवाला बोल लावेल, शेजारणीला बोलावून पोरीची गाऱ्हाणी सांगेल. मी तयारीत होतो. पण दुपारी ती उठली, स्टूल ओढलं, चष्मा पुसला आणि माझ्या तोंडाशी तोंड आणलं. समुद्रातलं ते नाव तिने वाचलं. हळू, ओठ हलवत. मग बारीक रेघेवरून बोट नेत नेत त्या दाण्यापाशी आली. नदीही तिला दिसली. इतकी वर्षं मी तिच्या डोक्यावर होतो, आणि बाई मला आज कुठे नीट वाचत होती! आनंद झाला म्हणता? मुळीच नाही. संताप झाला. एवढंच करायचं होतं ना? स्टुलावर चढायचं आणि वाचायचं. त्याला वर्ष लागलं आणि एका पोरीला टाचणी उपटावी लागली.

चारच्या सुमारास मुलगी आली. पिशवी खांद्यावर, चेहरा थकलेला. झगा खुर्चीवर तसाच पडला होता, त्याच्याकडे तिने पाहिलं नाही.

"फोटो काढला," ती म्हणाली. "गणवेशात. माझ्या देशाचं नाव मी दोनदा सांगितलं."

"बरं केलंस," मावशी म्हणाली.

मुलगी आपल्या खोलीकडे निघाली. मावशी जागची उठली नाही. कात्री, दोरे, मण्यांची डबी, हाताला लागेल ते इकडचं तिकडे करत होती. मुलगी दारापर्यंत पोचली तेव्हा तिने विचारलं. सहा मुलांत पहिल्यांदा विचारलं.

"तुझ्या आजोबांचं नाव काय ग होतं?"

मुलगी थांबली. वळली. तिने नाव सांगितलं. मावशीला ते नीट म्हणता येईना. मुलीने परत सांगितलं, मग आणखी एकदा, आणि मग तिथेच जमिनीवर बसून नदीपासून सगळं सांगायला लागली.

मुलगी आता तिच्या घरी आहे. मी अजून याच भिंतीवर आहे, कडा पिवळ्या पडल्यात, चुकीच्या देशाच्या पोटातलं ते भोक तसंच आहे आणि माझा रागही. तुमच्याही घरी कोणी लांबून राहायला येईल. त्याला पोटभर वाढा, माझी ना नाही. पण आजोबांचं ते नाव मला विचारू नका. मी सांगणार नाही. ज्याचं असतं, त्यालाच विचारायचं असतं.