नकाशात नसलेला झरा

आमच्या आत्याच्या गावाने सरकारला एकदाच गंडवलं, आणि ते इतकं झकास जमलं की शंभर वर्षांनी गावाच्याच तोंडचं पाणी पळालं.

गावामागच्या चुनखडीच्या डोंगरावर कुणीतरी खाण मागितली होती. नियम सोपा: नकाशात झरा असेल, तर खाण नाही. डोंगराच्या पायथ्याशी बारमाही झरा आहे, अख्खं गाव त्यावर जगतं. सरकारी नकाशात मात्र तिथे नुसत्या उंचीच्या तपकिरी रेषा.

"मोजणीदार आला तेव्हा आमच्या आजोबांनीच सांगितलं, पाणी नाही म्हणून," आत्या नकाशांच्या दफ्तरात म्हणाली. "झरा कागदावर चढला की परके येऊन बसतील, ही धास्ती."

"आणि त्याला पटलं?" दफ्तर सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं.

"आजोबा दिसायला फार सज्जन होते."

बाईंनी खालच्या खणातून मोजणीदाराची वही काढली. छापील नकाशा म्हणजे पाहुण्यांसाठी आवरलेला दिवाणखाना. खरा पसारा अशा वह्यांत असतो. पेन्सिलीने लिहिलं होतं: 'गावकरी म्हणतात, पाणी तीन कोसांवर. म्हशी मात्र ओल्या. दुपारी झरा पाहिला. उत्तम पाणी. म्हाताऱ्याने हात जोडले, म्हणून नकाशात घेतला नाही.'

आत्याने वही स्वतःकडे ओढली. "म्हणजे त्याला कळलं होतं."

"भिडेखातर गप्प बसला बिचारा," मी म्हणालो.

"तू नकाशाचं टोक धर. तेवढ्यासाठीच आणलंय तुला."

खाणींचे साहेब शेजारच्याच खोलीत बसत. त्यांनी वही दोनदा वाचली आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

"मोजणीदाराची नोंद आहे म्हटल्यावर नकाशा दुरुस्त करता येतो. परवानगी आजच थांबवतो, सोमवारी स्वतः पाहायला येतो. फक्त झरा नेमका कुठे, ते यात नाही. तेवढं दाखवा."

आत्याचा हात नकाशावर गेला आणि अधांतरीच थांबला.

"काय झालं?"

"आमच्यात परक्याला झरा दाखवत नाहीत."

"बाई, मी तो वाचवायला बसलोय."

"ते कळतंय हो. हाताला कळत नाहीये."

तिने साहेबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे; मी शहरातला, म्हणजे परक्यांतच जमा. शेवटी उठून तिने दार लावून घेतलं, परत येऊन बसली आणि डोळे मिटून बोट टेकवलं.

"इथे," ती हळूच म्हणाली. "पण कुणाला सांगू नका."

साहेबांनी मान डोलावली आणि निळी पेन्सिल उचलली.