कुंकू लागलेली फ्लॉपी

मी मालिनीची काळी फ्लॉपी बोलतेय. माझ्या कपाळावरचं कुंकू पाहून हसू नका हं! ते कसं लागलं, हे सांगायलाच तर तोंड उघडलंय.

उल्हासनगरला कॅम्पातल्या एका सिंधी काकांच्या दुकानात मालिनीने मला घेतलं. "ले जाओ बेटा, एकदम ओरिजिनल," काका म्हणाले. कसली ओरिजिनल! पण काकांचं भलं होवो, त्यांनी मला चांगल्या हाती दिलं.

मालिनी अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची. तिने माझ्या पोटात एक लायब्ररी भरली. पुस्तकांची नव्हे, तयार प्रोग्रॅमांची. मजकूर कुलूपबंद करायचा आणि त्यावरची सही पारखायची, हे त्यांचं काम. ही सही पेनाची नसते, आकड्यांची असते. ती करायला एक गुप्त किल्ली लागते आणि ती वेगळ्या फ्लॉपीवर असते. सही झाल्यावर मजकुरातलं एक अक्षर जरी बदललं, तरी मी पडद्यावर बोंब मारणारच!

रंग बनवायची कृती बदलापूरच्या प्रयोगशाळेतून टेलिफोनच्या तारेवरून यायची. तिथले हेमचंद्र साहेब ती तपासून सही करायचे. इकडे मी सही पारखली, की शिवराम मोठी टाकी तापवायला घ्यायचा.

साहेब देवमाणूस, पण सवय जुनी. ऑफिसातला रबरी शिक्का जसा कुणाच्याही हाती असतो, तशी त्यांनी किल्लीची फ्लॉपी मदतनीस मधूकडे देऊन ठेवली. "मी नसलो तर तूच सही मारून टाक." मालिनीला हे कळलं मात्र, मला पर्समध्ये टाकून ती तडक बदलापूरला गेली.

"साहेब, घरी जाताना स्वतःचा अंगठा मधूकडे ठेवून जाता का?"

साहेब गोरेमोरे झाले. तेव्हापासून किल्ली त्यांच्या खिशात.

मग साहेबांच्या भाचीची हळद आली. नव्या रंगाची कृती घाईघाईने कागदावर लिहून ते गेले. मधूने ती टाइप करून आमच्याकडे धाडली. सही कुठली असणार? मी पडद्यावर लाल अक्षरांत सांगितलं, सही नाही.

मॅनेजर साहेब तापले. "अरे, मधूने पाठवलंय ना? आपलाच माणूस आहे! ऑर्डर अडकलीय, टाकी चालू करा!"

"हेमचंद्र साहेबांनी पाहिल्याशिवाय नको, सर," मालिनी म्हणाली. "टाकीपाशी शिवरामदादा उभे राहणार आहेत, आपण नाही."

"नोकरी करायचीय ना तुला?"

शिवरामने व्हॉल्व्हवरचा हात काढून घेतला. "ताई नको बोलल्या ना? मंग मी पन नाय हात लावनार. साहेबांना बोलवा."

फोन गेला. हेमचंद्र साहेब हळदीच्या गालांनीच रिक्षा करून आले, पडदा वाचला आणि मटकन खुर्चीत बसले.

"मी चाळीस अंश लिहिलं होतं. माझा चार मधूला नऊ वाटला. नव्वदला टाकी फुटली असती रे, शिवराम!"

मॅनेजर साहेबांनी स्वतः उठून मालिनीसमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

त्या दसऱ्याला शिवरामने टाकीला झेंडूचा हार घातला, पान्यांची पूजा केली आणि मला हातात घेतलं. "हे बी आपलं हत्यारच," म्हणत त्याने मला चांगलं चिमूटभर हळदकुंकू दाबून लावलं. ते माझ्या पत्र्याच्या झडपेतून थेट आत गेलं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर नुसताच खरखरला. मी काही वाचली जाईना.

शिवरामचं तोंड एवढंसं झालं. "ताई, मी मारली का हिला?"

"नाही हो दादा, लायब्ररीची दुसरी प्रत आहे माझ्याकडे," मालिनी हसली.

"मंग ही मला द्या."

तेव्हापासून मी जांभूळ गावात शिवरामच्या देव्हाऱ्यात आहे. वाईट वाटत नाही हो! माझ्यासारखीच्या नशिबी एरवी कचऱ्याचा डबा असतो. मालिनीने मला वाचा दिली, शिवरामने माझ्या शब्दाला मान दिला. त्या दोघांचे उपकार मी कशी विसरू? तुम्हाला एवढंच विनवते, आपली किल्ली दुसऱ्याच्या हवाली करू नका.

शिवराम कामावर निघाला की त्याची बायको विठा माझ्यापुढे एक फूल ठेवते. संध्याकाळी अंगणात त्याची सायकल वाजते आणि विठा चुलीवर चहा ठेवते.