काजूच्या बागेतली पेटी

कमलाक्षीने ती पेटी झाडावरून सोडली रागाच्या भरात. तिच्या माहेरची शेती खाणीच्या मातीखाली गेली, तेव्हाही आधी कोणीतरी येऊन झाडांना असेच काहीबाही बांधून गेले होते. आता डिचोलीत, सासरच्या काजूच्या बागेत तसलीच राखाडी पेटी दिसल्यावर तिचे डोकेच फिरले. पंचायतीने सूचना लावली होती म्हणे. पण पंचायतीची सूचना वाचणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तिने पेटी तांदळाच्या डब्यात दडवली.

दोन दिवसांनी सकाळी ती पेटी शोधत सिद्धी दारात उभी. गव्यांचा अभ्यास करणारी ही मुलगी महिनाभर अशा पेट्या बांधत डोंगर तुडवत होती.

"काकी, जनावर लागीं आयलें की पेटीक कळटा. ती दुसरीक सांगता, दुसरी तिसरीक, आनी मागीर फोनार मेसेज येता. मदली एक गेली की वयल्यो सगळ्यो मुक्यो."

म्हणजे गवा जवळ आला तरी दोन दिवस वरच्या पेट्यांचा निरोप कोणालाच पोचत नव्हता. आणि कमलाक्षीचे यजमान गोकुळदास कानांनी अधू. रोज उजाडताच एकटे काजूचे बोंडू वेचायला जात. पाठीशी गवा आला तरी त्यांना पत्ता लागला नसता.

तिने डब्यातून पेटी काढून आणून दिली. सिद्धीने पेटीवरचे तांदूळ झटकले आणि मेसेज जाणाऱ्यांच्या यादीत काकींचा नंबरही घातला.

पेटी पुन्हा बांधून तास होतो न होतो तोच फोन वाजला. ओहोळाकडे गवा! गोकुळदास तिथेच होते. कमलाक्षी पदर खोचून धावत सुटली. वाकलेल्या नवऱ्याचा दंड धरून तिने त्यांना कातळाआड ओढले. घरच्या म्हशीच्या दुप्पट जनावर त्यांच्या टोपलीवर पाय देऊन शांतपणे निघून गेले.

दुपारी सिद्धीला आणि वस्तीला बोलावून, राखणदार देवाला नारळ ठेवून गोकुळदासांनी गाऱ्हाणे घातले. "बा देवा महाराजा, ज्या चेडवान ही पेटी बांदली, तिका सुखी ठेव!"

"व्हय महाराजा!" वस्तीवरची माणसे म्हणाली.

कमलाक्षीला राहवेना. नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ती ओरडली, "पेटी हांवेंच काडिल्ली!"

गोकुळदासांनी तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा हात जोडले.

"आनी हिची चूक पोटांत घाल, महाराजा. धांवत आयली ती पूण हीच."

"व्हय महाराजा!" यावेळी सगळ्यांत मोठा आवाज सिद्धीचा होता.