न हलणारा आकडा

तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. खोटं बोलायला आधी बघावं लागतं. तुम्ही बघितलंच नाहीत. चौदा महिने माझ्या बापाच्या घराला कुलूप लावून ठेवलंत आणि दर सोमवारी आम्हाला एक कागद धाडलात. तो कागद वाचायला मी फार उशिरा शिकले. कशी शिकले ते लिहिते.

माझं नाव ओनेलिया. बावीस वर्षं केळ्यांच्या शेडमध्ये घड धुतले. मग बेटावरचा डोंगर फुटला आणि शेड लाव्ह्याखाली गेली. खाली समुद्रकाठचं बाबांचं घर, सत्तावीस नंबर, तेवढं वाचलं. एक काचसुद्धा तडकली नाही. फक्त त्या सगळ्या वस्तीत जमिनीतून वायू येऊ लागला. त्याला वास नाही, रंग नाही. पाण्यासारखा जमिनीलगत साचतो. पहिल्या आठवड्यात गल्लीत सहा मांजरं मेलेली सापडली. तेव्हा तुम्ही वस्ती रिकामी केलीत ते बरोबरच केलंत. घराघरात वायू मोजायची यंत्रं बसवलीत, तेही बरोबर. आकडा महिनाभर हजाराच्या खाली राहिला की किल्ली परत मिळणार, असं तुम्हीच सांगितलंत.

अर्ध्या वस्तीला किल्ल्या मिळाल्या. आम्हाला नाही.

बाबांचं वय शहाऐंशी. जन्मभर मासे धरले. आता तुम्ही दिलेल्या लाकडी खोलीत असतात, रस्त्यापलीकडे, जिथून समुद्र दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. रोज सकाळी मला विचारायचे.

"आज वारा कुठला गं, पोरी?"

"समुद्राकडचा."

"मग उतरला असेल आकडा."

"सोमवारी कळेल."

"बरं. सोमवारी मी नसलो तर चिठ्ठी लिहून ठेव."

उन्हाळ्यात त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं. डॉक्टरीणबाईंनी मला दाराबाहेर बोलावलं आणि म्हणाल्या, "हिवाळा काढतील असं वाटत नाही. त्यांना हवंय ते करू द्या." त्यांना एकच हवंय, आपल्या खाटेवर मरायचंय. ते मी करू देऊ शकत नव्हते, कारण किल्ली तुमच्याकडे.

त्या दिवसापासून मला काही वाटेनासं झालं. रडू नाही, राग नाही. भांडी घासताना पाणी गार आहे की गरम, ते हात लाल झाल्यावर कळायचं.

मी आता वर डोंगरावरच्या एका पाहुणघरात काम करते. ढग आमच्या पायाखाली राहतात, म्हणून जर्मन आणि डच लोक दुर्बिणी घेऊन येतात, ताऱ्यांचे फोटो काढायला. चादरी बदलायच्या कामावर लागले होते. पण दुर्बिणी उभ्या करायला माणूस लागतो, आणि मी बघून बघून, शिव्या खाऊन शिकले. तिपाई पाणसळ लावून सपाट करायची, वजनं लावून तोल साधायचा, दुर्बीण ज्या दांड्याभोवती फिरते तो ध्रुवताऱ्याकडे करायचा. मग खरं नाजूक काम. फोटोसाठी पाच-पाच मिनिटं एकाच ताऱ्यावर टक लावावी लागते, आणि तारे तर सरकत असतात. मोटर दुर्बीण फिरवते, पण मोटरचे दाते कधीच पुरते सारखे नसतात. म्हणून मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण बांधायची, तिला छोटा कॅमेरा लावायचा. तो एक तारा धरतो. दर दोन सेकंदांनी बघतो आणि तारा केसभर हलला की मोटरला ढोसतो. पडद्यावर दोन रेषा उमटतात, एक लाल, एक निळी. सगळं नीट चाललं असेल तर त्या बारीक थरथरत राहतात.

सप्टेंबरात ऊवे नावाचा दातांचा डॉक्टर आला होता. स्वभावाने चांगला, बोलायला आपली भाषा मोडकीतोडकी. अंधार पडता पडता मी त्याचं सगळं मांडलं. सुरू करण्याआधी यंत्राला एकदा शिकवावं लागतं. ते ताऱ्याला चारी बाजूंना ढकलून बघतं, किती ढोसलं की किती हलतो. त्यात दहा मिनिटं जातात. मी म्हटलं, कालचंच वापरू. मला उभं राहायचा कंटाळा आला होता. यंत्राने एक ठिपका धरला आणि रेषा सुरू झाल्या.

सपाट. दोन्ही. पट्टीने आखल्यासारख्या.

"ओनेलिया!" ऊवे जवळजवळ ओरडलाच. "वीस वर्षांत अशी रेषा पाहिली नाही. तू चेटकीण आहेस."

"हो," मी म्हटलं.

तो खुशीत झोपायला गेला. मी पडद्यासमोर चार तास बसले. फोटो कसे येताहेत ते उघडून बघितलं नाही. रेषाच बघत राहिले. काही हलत नव्हतं, कोणी काही मागत नव्हतं. कित्येक दिवसांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

सकाळी ऊवे कॉफीचा कप घेऊन बसला आणि एकेक फोटो उघडू लागला. सगळ्या ताऱ्यांच्या लांबलचक रेघा.

"आकाशगंगा मागितली होती, बाई. तू शेवया वाढल्यास."

मग तो बाहेर गेला आणि तिथूनच हसायला लागला. छोट्या दुर्बिणीवरचं झाकण तसंच होतं. मी ते काढलंच नव्हतं.

"मग रात्रभर ते यंत्र काय धरून बसलं होतं?" मी विचारलं.

"कॅमेऱ्यातलाच मेलेला ठिपका. अंधारातही चमकतो. तो कॅमेऱ्याच्या आतच बसलेला, आकाशाशी त्याचं काय देणंघेणं? हलणार कसा?" त्याने कप ठेवला. "खरा तारा असा गप्प नसतो गं. मध्ये हवा असते, ती हलवतेच. रेषा मेल्यासारखी दिसली की आधी झाकण बघायचं."

मी कप विसळायला घेतले. तिसऱ्या कपाला हात थांबला.

घरी येऊन बिस्किटांचा डबा उघडला. तुमचे साठ सोमवारचे साठ कागद त्यात होते. मी दर वेळी एवढंच बघायचे, हजाराच्या खाली आलाय का. नाही आला, की टाक डब्यात. आता पहिल्यांदा ते जमिनीवर ओळीने मांडले. पहिले सात कागद वर-खाली होते. १९१०, २४०५, १३६०, असे. आठव्यावर २८४७. नवव्यावर २८४७. तिथून शेवटपर्यंत, त्रेपन्न आठवडे, २८४७. पंचवीस नंबरच्या फर्मीनकडून त्याचे कागद मागून आणले. त्याचा आकडा वाऱ्याबरोबर नाचतो. एका आठवड्यात ४१५, पुढच्यात २२००. त्याची आणि आमची भिंत एक आहे.

राग यायला हवा होता. आला नाही. मी कागद गोळा केले आणि तुमच्या कचेरीच्या खिडकीशी आले. खिडकीत युरेना नावाची मुलगी होती.

"सेन्योरा, तुमचा आकडा अजून जास्तच आहे."

"त्रेपन्न आठवडे एकच आहे. वाच."

"म्हणजे स्थिर आहे. वाढत नाही ना? ते चांगलंच की."

"तुझ्या आईचा ताप त्रेपन्न आठवडे एकच आला तर काय म्हणशील? आई स्थिर आहे?"

ती कागद उलटत राहिली. दहाव्या-बाराव्या कागदावर तिचा चेहरा बदलला. हळूच म्हणाली, "थर्मामीटर बदलीन."

"मग बदल."

"आत जायची परवानगी मला नाही. वर पाठवते."

"वर म्हणजे कुठे? वर मी काम करते. तिथे तुमचं कोणी दिसलं नाही."

ती हसली नाही. तिने शिक्का मारून पोच दिली. त्या पोरीवर माझा राग नाही. कागद उलटून बघणारी तुमच्याकडे तीच एक निघाली.

त्याला तेवीस दिवस झाले. मी आणखी दोनदा लिहिलं. तुमच्याकडून तीन सोमवारचे तीन कागद आले. तिन्हींवर २८४७.

बाबांना सगळं सांगितलं. आधी हसले.

"म्हणजे मला घराबाहेर ठेवलंय ते मेलेल्या यंत्राने? अगं, होकायंत्राचा काटा हलेना झाला तर मी आधी त्याला थोबाडीत द्यायचो. मग बोट वळवायचो."

"त्यांना तसं लिहू का?"

"लिही. थोबाडीत शब्द ठेव."

हे पहिल्या आठवड्यातलं. गेल्या गुरुवारपासून ते वाऱ्याचं विचारत नाहीत. दुधात कालवलेलं गोफिओचं पीठ तीन चमचे खातात आणि भिंतीकडे वळतात. मी आपणहून सांगितलं, "बाबा, आज समुद्राकडचा आहे." त्यांनी ऐकलं. चादर खांद्यावर ओढून घेतली.

आत वायू नाही असं मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही. चारशे असेल, नऊ हजारही असेल. नऊ हजार असेल तर मी त्यांच्याजवळ बसून तसं सांगेन. ते मासे धरणारे आहेत, समुद्र नको म्हणाला की परत फिरायची त्यांना सवय आहे. पण इथे समुद्र बोललेलाच नाही. एक बिघडलेलं यंत्र तेच ते म्हणत राहिलं, तुम्ही ते वर्षभर कागदावर उतरवलंत आणि खाली सही केलीत.

दार उघडून, पाठीला हवेची टाकी बांधून एक माणूस आत पाठवायचा आहे. अर्ध्या तासाचं काम.

म्हणून विचारते. सत्तावीस नंबरच्या घरात तुमचा शेवटचा माणूस कोणत्या तारखेला गेला? त्याचं नाव काय? आणि आज तिथला खरा आकडा किती आहे? सोमवारी नको. आज सांगा.