पायरीवरच्या चपला

नीलिमा अंगणात पालथी पडली होती आणि तिचा एक डोळा कॅमेऱ्याला चिकटला होता. कोपराखाली टोचू नये म्हणून येसूबाईने पोत्याची घडी घालून दिली होती.

“आत्या, सूप घे आणि दाराकडं पाठ कर. अजून थोडी. तुझा चेहरा मला नकोच आहे.”

“चेहरा नगं, तर मग सकाळधरनं वेणीफणी कशापायी करायला लावलीस?”

“बुचडा दिसतो की मागनं.”

बाभळीच्या काट्यांच्या कुंपणापलीकडे शेजारची हरणाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. दहिवडीच्या या कडेच्या आळीत कॅमेरा यायचा तो लग्नातच, तोही भाड्याचा. नवरा-नवरी नसताना नुसत्या दाराकडे रोखलेला कॅमेरा तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

“येसू, या वयात हिरोईन झालीस व्हय गं?”

“तुलाच घेनार हुती पोरगी. पर तू त्यात मावंना.”

हरणाबाई मोठ्याने हसली. नीलिमाने कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता हात वर करून दोघींना गप्प केले.

नीलिमा येसूबाईच्या भावाची, नाथाजीची मुलगी. नाथाजी फलटणला साखर कारखान्यात होता. मुलगी पुण्याच्या कॉलेजात सिनेमा करायला शिकते हे त्याने अजून धड मान्य केले नव्हते. यंदा पास झाली तर ठीक, नाहीतर गुमान डी.एड.ला बसायचे, असे त्याने तिला बजावले होते. आणि पास होण्यासाठी नीलिमाला एका भीतीच्या सिनेमाची सुरुवात करून द्यायची होती. फक्त सुरुवात. पुढचा सिनेमा नव्हताच.

“आणि त्या बाईचं पुढं काय हुतं?” काल एसटीतून उतरल्या उतरल्या नीलिमाने हे सांगितले, तेव्हा येसूबाईने विचारले होते.

“काही होत नाही. तिथंच संपतं.”

“बिचारी,” येसूबाई म्हणाली होती.

याआधी नीलिमाने दोनदा सुरुवात करून दाखवली होती. एकदा दार आपटले, मांजर ओरडले, बाई किंचाळली. दुसऱ्यांदा दिवा विझला आणि बाई पुन्हा किंचाळली. सरांनी दोन्ही वेळा टीव्ही मध्येच बंद केला. हा गोंगाट आहे, भीती नाही, म्हणाले. कॅमेरा उद्या परत द्यायचा होता.

“वर्गात आम्ही सिनेमे बघत नाही, आत्या. थांबवतो,” नीलिमा पोत्यावरून उठून मातीचे हात झटकत म्हणाली. “एकेक चित्र थांबवायचं आणि बघायचं, बाई कुठं बसवली, कॅमेरा किती खाली ठेवला, आवाज कुठनं येतोय. भुताचं तोंड दाखवलं की भीती संपते. त्यापेक्षा बाईला एका कडेला बसवायचं आणि बाजूची जागा मोकळी सोडायची. बघणाऱ्याला आपोआप वाटतं, इथं कोणतरी येणार.”

दाराच्या आत पाटावर बसलेल्या येसूबाईने शेजारी पाहिले. भिंतीला टेकवून ठेवलेला दुसरा पाट तिथे होता.

“मोकळी तर ती रोजचीच हाय,” ती म्हणाली. नीलिमा तेव्हा पुन्हा कॅमेऱ्यात डोकावत होती.

नीलिमाने आधी नुसते दार घेतले. खालून, पायरीच्या उंचीवरून. बंद अर्धे कवाड, उघडे अर्धे कवाड, पायरीवर चपलांचा जोड, आत अंधार. कॅमेरा कितीतरी वेळ तसाच ठेवला. हरणाबाई कंटाळून खाली बसली. मग नीलिमा आत आली आणि येसूबाईच्या मागे, खांबाशी टेकून बसली.

“आता तू पाखडत राहा. गाणं नाही, काही नाही, सुपाचाच आवाज. मग दारात कोणतरी आलंय असं तुला वाटतं. सूप थांबव. आणि घाबर.”

“कुनाला?”

“जे आलंय त्याला.”

“कोन आलंय?”

“ते मलाही माहीत नाही. माहीत असलं तर भीती कशाची?”

येसूबाईने जोंधळे पाखडले, थांबली आणि खांदे कानापर्यंत नेले. अंगणात येऊन पायरीखाली बसलेल्या हरणाबाईला हसू आवरेना. दुसऱ्यांदा येसूबाई स्वतःच हसली. तिसऱ्यांदा नीलिमाने कॅमेरा मांडीवर घेतला आणि नुसतीच बसून राहिली. तिच्या वडिलांसारखाच तिचा खालचा ओठ दुमडला होता. लहानपणी नाथाजी रडायच्या आधी असाच बसायचा.

“घाबरू नकोस,” ती शेवटी म्हणाली. “राहू दे. कोणतरी आलंय एवढंच समज.”

सूप पुन्हा वर-खाली होऊ लागले. दाणे उडत होते, पडत होते, फोल पुढे सरकत होते. मध्येच सूप थांबले. येसूबाईने मान वळवली नाही. तिचा डावा हात तेवढा उचलला गेला, खांद्यावर घसरलेला पदर त्याने डोक्यावर ओढला आणि तो परत सुपाच्या कडेला येऊन टेकला.

हरणाबाई हसायची थांबली.

नीलिमाने बऱ्याच वेळाने कॅमेरा बंद केला. ऊन उतरल्यावर तिने पुन्हा अंगणात पोते अंथरले आणि त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून तेच दार पुन्हा घेतले. मेंढरे परत येत होती. त्यांची धूळ कुंपणावरून आत येऊन कवाडावर बसत होती.

चुलीवर तवा चढला होता तेव्हा नीलिमा फीत मागे नेऊन कॅमेऱ्याला डोळा लावूनच सगळे बघत बसली. आत इवलेसे, काळे-पांढरे चित्र दिसायचे. बघता बघता ती ताठ झाली. तिने फीत पुन्हा मागे नेली.

“आत्या, चपला हलल्या.”

“वारं आसंल.”

“टायरच्या तळव्याच्या चपला वाऱ्यानं हलतील होय? दुपारी त्यांची तोंडं अंगणाकडं होती. संध्याकाळच्या चित्रात घराकडं आहेत. मी हात लावलेला नाही. हरणाकाकी पायरीवर चढल्या नाहीत.”

येसूबाईने भाकरी उलटली. तिला ते ध्यानातही आले नव्हते. मेंढरे परतू लागली की पायरीशी जायचे, वाकायचे आणि चपला फिरवायच्या, हे सगळे तिचे हात आपले आपण करत होते. पोरीने कॅमेरा मांडण्याआधी हातांनी आपले काम उरकून घेतले होते.

“मीच फिरवल्या,” ती म्हणाली.

चपला तिच्या नवऱ्याच्या, धनाजीच्या होत्या. तो मुंबईला गोदीत कामाला होता आणि गाववाल्यांच्या खोलीत दाटीवाटीने राहत होता, तिथे बायकोला न्यायची सोय नव्हती. येसूबाई लग्न होऊन आली तेव्हा या आळीत पावसाच्या भरवशावर टाकलेली शेते होती, शेरडे होती, म्हातारी माणसे होती, आणि तरणे पुरुष सगळे मुंबईत. पहिल्याच वर्षी कुणीतरी कवाड खरवडले. तेव्हा सासूने धनाजीच्या चपला आणून पायरीवर ठेवल्या आणि सुनेला शिकवले. सकाळी तोंडे बाहेर करायची, म्हणजे माणूस आत आहे, आता निघेल. सांजेला तोंडे घराकडे, म्हणजे आत्ताच आला. नुसत्या ठेवून भागत नाही. रोज तशाच दिसल्या तर लहान पोरसुद्धा फसत नाही. त्या दिवसांत आळीतून चालत गेले तर दारोदार पुरुषांच्या चपला दिसायच्या, आणि आत पुरुष एकही नसायचा. बायका पाणवठ्यावर एकमेकींना चिडवायच्या, तुझा काल लवकर आला वाटतं.

“पण आता तर,” नीलिमा अडखळली. “धनाजीमामा जाऊन किती वर्षं झाली. सगळ्या गावाला माहीत आहे.”

“हाय की.”

“मग कुणासाठी?”

येसूबाईने चुलीतले लाकूड मागे ओढले. “जेव. भाकरी गार हुतीया.”

पण नीलिमाचे जेवणात लक्ष नव्हते. तिचे डोळे चमकत होते.

“आत्या, सर म्हणतात ते हेच. सगळं रोजच्यासारखं दाखवायचं आणि एकच गोष्ट बदलायची. चपला बाहेर तोंड करून. मग सूप. सूप थांबतं. मग त्याच चपला घराकडं तोंड करून. कुणी आलेलं दिसत नाही. पण कोणतरी आत आलंय. लोकांच्या अंगावर काटा येईल!”

“न्हाई,” येसूबाई म्हणाली.

“का?”

“चपला त्यांच्या हायत. त्यांचं भूत करू नगंस.”

“भूत दाखवतच नाही मी.”

“दावत न्हाईस, पर करतीस. माझ्या बापानं छप्पन साली देव-भूत सगळं गाठोड्यात बांधलं आन ओढ्याला सोडलं. म्या डोळ्यानं बघितलंय. मी लहान का हुते तवा? आपल्यात भूत मानत न्हाईत.” तिने भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिले, जसे साक्षीदाराकडे बघावे. “जित्ता आसताना मानूस वरसातनं दोनदा घराला यायचा. मेला तो बी तिकडंच. तुझा बाप आन मी पोचलो तवर सगळं उरकलं हुतं. आन आता तू त्यास्नी आननार, ते लोकांला भ्या दाखवायला?”

नीलिमाने ताट पुढे ओढले. तिने ताटातली भाकरी मोडली.

“नाही घेत,” ती म्हणाली.

सकाळी येसूबाई शेरडांना पाला टाकून आली तेव्हा नीलिमा पायरीशी उकिडवी बसली होती. चपला तिने सांभाळून बाजूला ठेवल्या होत्या, तोंडे बाहेरच. त्यांच्या जागी एक तांब्या होता. तो ती इंचभर सरकवायची, मागे जाऊन बघायची, पुन्हा सरकवायची. मग तांब्या उचलून खराटा ठेवला. खराट्याचेही तसेच झाले. येसूबाई शेरडाची दोरी हातात धरून बघत राहिली. पोरीचा ओठ पुन्हा दुमडला होता.

“कालचं दाव बरं मला,” ती म्हणाली.

“कशाला, आत्या? पुसून टाकणार आहे मी ते.”

“पुसायच्या आधी दाव.”

नीलिमाने फीत मागे नेली, कॅमेरा येसूबाईच्या डोळ्याशी धरला आणि एक डोळा मिटायला सांगितले. येसूबाईला आधी काहीच दिसेना. मग अंधारात, फार लांबवर, तिचे स्वतःचे दार दिसले. पायरीवर चपला होत्या, बाहेर तोंड करून. कुणी येत नव्हते, कुणी जात नव्हते. मग एका म्हातारीची पाठ आली. तिच्या शेजारी केवढी तरी मोकळी जागा होती. सूप वर-खाली होत होते, मग थांबले. म्हातारीने डोक्यावर पदर घेतला. पुन्हा दार आले. चपला घराकडे वळल्या होत्या.

“मधी माझा हात कुठं हाय?”

“नाही. तू फिरवल्यास तेव्हा कॅमेरा बंद होता. हात दिसला की सगळं गेलं.”

“म्हंजी आपल्या आपन वळल्या.”

“बघणाऱ्याला तसं वाटतं.”

“परत लाव.”

नीलिमाने परत लावले. तिसऱ्यांदा लावले तेव्हा येसूबाईने कॅमेरा स्वतःच्या हातांनी धरला. इतकी वर्षे त्या चपला तिनेच फिरवल्या होत्या. स्वतःचा हात न दिसता त्या घराकडे वळलेल्या तिने कधी पाहिल्या नव्हत्या.

तिने डोळा बाजूला केला तेव्हा त्याच्याभोवती कॅमेऱ्याच्या रबराचा गोल उमटला होता.

“पुन्याची मानसं हे बघून भित्याल?”

“हो.”

“भिऊ द्यात,” ती म्हणाली. “ठेव तसंच. पर कोन आलंय ते सांगायचं न्हाई.”

“सांगायचंच नसतं, आत्या.”

नीलिमाने खराटा उचलून चपला पुन्हा पायरीवर मांडल्या, तोंडे बाहेर. दुपारच्या गाडीसाठी ती निघाली. भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याचे लाडू पिशवीत बांधताना येसूबाईने उगीच गाठ सोडून पुन्हा मारली.

“आता कवा येशील?”

“परीक्षा झाली की.”

“व्हय,” येसूबाई म्हणाली. मुंबईच्या गाडीत बसणारेही असेच काहीतरी सांगायचे.

ती वळणापर्यंत दिसली. येसूबाई आत येऊन ताटे आवरू लागली, तोच बाहेर धावत आलेली पावले वाजली.

“आत्या, कॅमेऱ्याचं झाकण राहिलं!”

“आत बघू का?”

“नको, नको. सापडलं इथंच!” पायरीशी काहीतरी खुडबुडले आणि पावले पळत निघून गेली.

घर नेहमीपेक्षा मोठे झाले होते. येसूबाईने उरलेले जोंधळे पाखडले. शेरडे बांधली. मेंढरे परतू लागली तशी ती दिवा लावायला खिडकीपाशी गेली. खिडकीत कॅमेऱ्याचे काळे झाकण होते, सकाळी पोरीने ठेवले होते तिथेच. तिने ते उचलले आणि क्षणभर हातात धरून उभी राहिली. मग ते तसबिरीमागे नीट ठेवले आणि बाहेर आली.

धुळीतून शेवटची मेंढरे जात होती. सवयीने ती पायरीशी वाकली. हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. चपलांची तोंडे घराकडे होती.

तिने हात मागे घेतला.

“येसू,” कुंपणापलीकडून हरणाबाईने हाक मारली. “गेली का गं पोरगी? एकटीच हायस व्हय आता?”

येसूबाईने पदर डोक्यावर ओढून घेतला.

“गेली,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या प्रश्नाला उत्तर न देता आत वळली.