झाकणाखालची अळंबी

गोणीचं तोंड सोडलं तसं गिरजाबाईने तोंड फिरवलं. आतली अळंबी काळी पडून बुळबुळीत झाली होती. मधूनच अळ्या वळवळत होत्या.

“मावशी, ही पन टाकायची?” जैनबने नाक दाबून विचारलं.

“टाका म्हनं. उकल्ल्यावर कोन बगतंय!”

हे बाजीरावसाहेबांचंच बोलणं. महाप्याच्या त्या पत्र्याच्या शेडचे ते मालक. इथे तोंडाला लावायचं क्रीम बनायचं. डबीवर अळंबीची पांढरीशुभ्र छत्री आणि खाली छापलेलं, ‘निसर्गाची देणगी, अळंबीचा अर्क’. विकून उरलेला माल ट्रकमधून उन्हात सडत यायचा. दोघी तो मोठ्या टोपात उकळायच्या, फडक्याने गाळायच्या. त्यात पांढरा मलम आणि गुलाबाचं सेंट मिसळलं की झालं क्रीम.

गिरजाबाई शिरवण्याची. नव्या शहरासाठी शेत गेलं, नवरा दत्तू ओटीवर बसून राहिला, म्हणून तिने हे काम धरलं. पूर्वी श्रावणात डोंगराच्या उतारावरून ती स्वतः अळंबी खुडून आणायची. लसूण घालून केलेलं ते कालवण दत्तू बोटं चाटत खायचा. आता तोच म्हणायचा, “आंघोल कर, मंगच वाढ.” आंघोळ करूनही वास जात नसे. केसांत, नखांत, भाताच्या घासातसुद्धा तोच.

जैनब उरणकडची, लग्न ठरलेली पोर. टोपातल्या पाण्याने तिच्या बोटांची सालं निघत. घरी जाताना ती हात ओढणीत गुंडाळून घेई.

त्या दुपारी मुंबईहून दोन बायका आल्या. त्यांची मोठी दुकानं होती. पसंत पडलं तर सगळा माल त्याच उचलणार होत्या. बाजीरावसाहेबांच्या तोंडात साखर आली.

“आमच्या मुली हेच लावतात, मॅडम. बघा कांती! ए जैनब, बस इथं.”

जैनब खुर्चीवर बसली. सोललेले हात तिने मांड्यांखाली सारले आणि मावशीकडे पाहिलं.

गिरजाबाई पुढे झाली. “साहेब, पोरीला नको. मना लावा.”

साहेब हसले. आलेल्यांतली उंच बाईही हसली. “हिला लावून काय दिसणार?”

गिरजाबाईच्या कानशिलांत रक्त चढलं. ती तडक टोपाकडे गेली आणि तिने झाकण उचललं.

“या. बगा, काय लावताव तं.”

वाफेचा भपकारा उठला. तपकिरी फेसावर मेलेल्या अळ्या तरंगत होत्या. बुटकी बाई तोंड दाबून दाराबाहेर पळाली. साहेबांचा चेहरा उतरला. गिरजाबाईला वाटलं, संपलं. आता पोरीला उठवतील.

उंच बाई हलली नाही. तिने नाकावरचा रुमाल किंचित दूर केला.

“हा वास शेवटी राहत नाही ना?”

“नावालाही नाही, मॅडम! घ्या, बघा.” साहेबांनी भरलेली डबी पुढे केली.

बाईने ती हुंगली, मान डोलावली. “छान आहे. मग झाकण ठेवा ना त्या टोपावर.”

इतके महिने गिरजाबाईला अळ्यांची किळस येत होती. अळ्या तरी पोटासाठी त्या घाणीत शिरलेल्या. आता तिला शिसारी आली ती त्या बाईची. बाईने बोटभर क्रीम जैनबच्या गालाला फासलं आणि मग आपलं बोट रुमालाने नखापर्यंत नीट पुसून काढलं.

“हस की जरा,” साहेब म्हणाले.

जैनब हसली.

बायका मोटारीत बसल्या तशी साहेबांनी आरोळी ठोकली, “गिरजा, उद्यापासून येऊ नको!”

“येतंय कोन?” ती म्हणाली. जैनबला मनगटाला धरून तिने बाहेरच्या नळावर नेलं. “चल गो.”

जैनबने हात सोडवून घेतला. तिचे डोळे भरले होते.

“लग्न तोंडावर हाय, मावशी. आनखी कुटं काम मिलनार? मी थांबते.”

गिरजाबाईने पदराचं टोक नळाखाली भिजवून पिळलं आणि जैनबची हनुवटी धरून तिचा गाल पुसायला घेतला. क्रीम केव्हाच निघालं होतं. तरी ती पुसत राहिली.